नाळेतलं रक्त: सही करण्याआधी विचारा

संपादक महोदय,

माझी उभी नोकरी प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून गेली. नाळेतलं रक्त साठवण्याच्या जाहिराती वाचताना त्यात काय लिहिलेलं नाही, तेच आधी डोळ्यांत भरतं.

रक्त घेणं तसं सोपं. नाळ कापल्यावर तिच्यातल्या जाड शिरेत सुई घालायची, पिशवी खाटेच्या खाली धरायची. रक्त आपोआप उतरतं. गुठळी होऊ नये म्हणून पिशवी हलकेच हलवत राहायची. आईला कळतही नाही. यातल्याच, नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींनी १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेला एक मुलगा वाचला. रक्त होतं त्याच्या नवजात बहिणीचं.

बहिणीचं, बरं का! आजार जनुकीय असेल तर बाळाच्या स्वतःच्या नाळेतल्या रक्तातही तोच दोष असतो. असं रक्त साठवणाऱ्या खासगी पेढीत ‘विमा’ म्हणून ठेवलेली पिशवी बहुधा पडूनच राहते. सार्वजनिक पेढीला दान केलेली मात्र जुळणाऱ्या कुणाही रुग्णाला मिळू शकते. घरातच असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांशी बोलून जरूर साठवा.

आणि पिशवी भरावी म्हणून नाळ घाईने बांधू देऊ नका. बाळ ठीक असेल तर निदान एक मिनिट थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यात बाळाला त्याच्या हक्काचं रक्त आणि लोह मिळतं.

हे सगळं सातव्या महिन्याच्या तपासणीतच सांगायला हवं. कळा सुरू झाल्यावर पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर बाई सही करते.

– एक निवृत्त परिचारिका