‘च’ म्हणजे दरवेळी ‘ओन्ली’ नव्हे

संपादक महोदय,

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही ‘ओन्ली’ म्हणजे ‘च’ एवढ्यावरच मुलांची बोळवण होते. मग ‘मी इथेच आहे’चं ‘आय अ‍ॅम हिअर ओन्ली’ होतं. बोलण्यात ते आता आपल्याकडे रुळलंय, त्याला नावं ठेवू नयेत. अर्जात, नोटिशीत आणि मुलाखतीत मात्र ते नडतं.

आपला ‘च’ कधी नुसता जोर देतो, तर कधी बाकीच्यांना वगळतो. ‘ओन्ली’चं मुख्य काम वगळण्याचं. त्यामुळे ‘च’ काढून शब्दाआधी ‘फक्त’ घालून पाहावं. ‘दहाच रुपये आहेत’ आणि ‘फक्त दहा रुपये आहेत’ यांचा अर्थ एकच, तेव्हा ‘ओन्ली टेन रुपीज’ बरोबर. ‘तूच सांगितलंस ना?’ इथे ‘फक्त तू’ म्हटलं की अर्थ बदलतो. म्हणून ‘इट वॉज यू हू टोल्ड मी’ असं लिहावं. ‘यू ओन्ली टोल्ड मी’ वाचून परका माणूस ‘तू नुसतं सांगितलंस, केलं काही नाहीस’ असंही समजेल. ‘इथेच’साठी ‘राइट हिअर’ आहे. ‘ती कालच आली’ हे वाक्य या कसोटीत बसत नाही, तरी ‘शी केम ओन्ली यस्टरडे’ शुद्ध आहे, कारण तिथला ‘च’ ‘त्याआधी नाही’ असं सांगतो.

खरा घोळ जागेचा. ‘द लायब्ररी ओन्ली लेंड्स बुक्स टू मेंबर्स ऑन सॅटरडेज’ ही पाटी घ्या. बोलताना आवाजाचा जोर अर्थ सांगतो, पाटीला आवाज नसतो. ‘ओन्ली’ ‘बुक्स’आधी ठेवला तर मासिकं मिळणार नाहीत, ‘टू मेंबर्स’आधी ठेवला तर शनिवारी बिगरसभासदांना पुस्तक नाही, ‘ऑन सॅटरडेज’आधी ठेवला तर सभासदांनाही इतर वारी पुस्तक नाही. ज्या शब्दावर मर्यादा घालायची त्याच्या लगेच आधी तो यावा. चेकवर तो अक्षरी रकमेनंतर येतो, तोही मध्ये जागा न सोडता, म्हणजे पुढे कोणी शब्द वाढवू शकत नाही. आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टप्रमाणे अक्षरी रक्कम धरली जाते, म्हणून ही काळजी.

पाठ्यपुस्तकात रिकाम्या जागा भरण्याऐवजी लायब्ररीच्या पाटीसारखं एखादं वाक्य द्यावं, ‘ओन्ली’ची जागा बदलत मुलांकडून प्रत्येक वेळचा अर्थ मराठीत लिहून घ्यावा.

– इंग्रजीची एक शिक्षिका, सातारा