हा दोर सोडला, तर बूम कोणावर?

काका, सप्रेम नमस्कार.

यंदाचा हंगाम सुखरूप पार पडला. मुंबई बंदरातल्या दुपारच्या वायव्य वाऱ्यात पोरांना घेऊन शिडाच्या बोटीतून मनसोक्त हिंडलो आणि कुणाच्याही डोक्याला बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, लागला नाही. हे तुमच्यामुळे झालं, म्हणून हे जाहीर आभार.

आम्ही मचवे, म्हणजे कोकणातल्या जुन्या शिडाच्या होड्या, बघत वाढलेली माणसं. मचव्याचं शीड वरच्या तिरक्या काठीला लटकतं, खाली दांडा नसतोच. त्यामुळे बूम आम्हाला नवा. कुठल्याही दोराला हात लावण्याआधी "हा सोडला, तर बूम कोणावर?" असं विचारायची सवय तुम्ही लावलीत.

मेनसेल (मुख्य शीड) वर असतं तोवर बूम तेच पेलतं. हॅलियर्ड (शीड वर चढवणारा दोर) सुटलं की दांडा थेट बसलेल्यांवर येतो. म्हणून आधी टॉपिंग लिफ्ट (डोलकाठीच्या टोकावरून बूम उचलून धरणारा दोर) ताणायची, हाताने बूम दाबून ती भार घेते का पाहायचं, मगच शीड उतरवायचं. चढवताना व्हँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) सैल हवा, आणि शीड वर गेलं की टॉपिंग लिफ्टही सैल करायची, नाहीतर शिडाची मागची कड नीट ताणली जात नाही.

मागच्या स्टेला (डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेला) लोंबणारा तो आखूड तारेचा तुकडा तुम्ही काढायला लावलात, त्याचे तर किती आभार मानू! नांगरावर बूमचं टोक अडकवून ठेवायला तो सोयीचा. पण बूम त्यात अडकलेला राहून शीड चढलं, तर बूम बाहेर जाऊच शकत नाही. झोत आला की शिडातला वारा सोडता येत नाही आणि बोट आडवी होते. आता तिथे डोलकाठीच्या टोकापासून बूमच्या टोकापर्यंत पुरता दोर आहे.

मांडव्याकडे जाताना वारा पाठीशी असतो, सुकाणू जरा चुकलं की बूम सपकन पलीकडे. तेव्हा प्रिव्हेंटर (बूमला पलीकडे जाऊ न देणारा दोर) लावतो: बूमच्या टोकापासून नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, कप्पीतून परत कॉकपिटमध्ये, म्हणजे मागे बसायच्या जागेत. बूमच्या मध्यावर बांधला तर झटक्याने दांडाच मोडेल, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. आणि दोराचं टोक कॉकपिटमध्येच असल्यामुळे सोडायला कुणाला पुढे धावावं लागत नाही.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर आली की डोलकाठी आडवी करून वरची कप्पी तपासणार आहोत. हॅलियर्ड तिथेच घासतं आणि खालून दिसत नाही. तेव्हा नजर टाकायला याच. काकूंनाही आणा, जेवण आमच्याकडे.

तुमचे,
बोटीवरचे सगळे