खाते नको म्हणण्याची सोय हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोजचा नवा संगणक सुरू करतानाच मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते सक्तीचे असणे वापरकर्त्याच्याच हिताचे आहे, हा कालच्या अंकातील लेखाचा निष्कर्ष मला मान्य नाही. पासवर्ड विसरल्यास खाते मदतीला येते, एवढ्या एका कारणावर लेखकाने सक्तीचे समर्थन केले आहे. माझ्या आईच्या बाबतीत नेमके उलटे घडले.

गेल्या वर्षी तिच्यासाठी लॅपटॉप घेतला. तिला ई-मेल नाही आणि खाते दिल्याशिवाय पडदा पुढे सरकेना, तेव्हा माझ्या भाच्याने स्वतःचे खाते घालून काम उरकले. परिणामी तिच्या फोल्डरला आजही त्याच्या ई-मेलच्या पहिल्या पाच अक्षरांचे नाव आहे. तेही तिने चालवून घेतले. पण एका अपडेटनंतर निळा पडदा येऊन ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडण्याचा सांकेतिक आकडा, मागू लागला. डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे, म्हणजे तिच्यातील माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. ही रिकव्हरी की भाच्याच्या खात्यात होती आणि तो प्रवासात होता. तीन दिवस आईचे सगळे लेखन अडकून पडले. अखेर त्याने सहा-सहा आकड्यांचे आठ गट फोनवरून वाचून दाखवले, मी ते टाइप केले, आणि मधला एक आकडा चुकल्यामुळे सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. मी भाच्याला दोष देत नाही, कारण त्या दिवशी पडद्यावर दुसरा मार्गच नव्हता.

लेखकाने आणखी एका गोष्टीचा विचार करावा. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत २०२१ पासून ही अट आहे आणि पुढच्या वर्षी वैयक्तिक वापराच्या प्रो आवृत्तीलाही ती लागू झाली. मात्र एकदा आत शिरल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन तेच खाते काढून टाकता येते आणि साध्या स्थानिक खात्यावर संगणक उत्तम चालतो. म्हणजे यंत्राला ऑनलाइन खात्याची गरज नाही! मग दारातच अडवणूक कशासाठी? जाणकार काही आज्ञा टाइप करून ही अट चुकवत असत. २०२५ मध्ये चाचणी आवृत्त्यांमधून त्या पळवाटाही काढून टाकण्यात आल्या. मॅकवर हाच टप्पा 'नंतर' म्हणून ओलांडता येतो, लिनक्स या वेगळ्या संगणक प्रणालीच्या बहुतेक आवृत्त्यांत तो मुळातच नाही. पहिल्याच पडद्यावर 'ऑनलाइन खात्याशिवाय पुढे जा' असे ठळक बटण द्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

आणि लेखात क्लाउडवरील 'मोफत' साठ्याचे कौतुक आहे, त्याविषयीही लिहायला हवे. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवण सेवेची मोफत मर्यादा अवघी ५ जीबी आहे. डेस्कटॉप आणि छायाचित्रांचे फोल्डर तिकडे जोडले की ती बघता बघता भरते आणि जागा विकत घ्या, अशा सूचना सुरू होतात. ज्याने ही सेवा मागितलीच नाही, त्याच्या फायली त्याला स्पष्टपणे विचारल्याशिवाय हलवू नयेत.

आपली नियमित वाचक