मानशीच्या वहीविषयी

दुर्भाट,
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय भाई,

सप्रेम नमस्कार. तुझ्या मागच्या पत्रांना उत्तर न देता हे नवेच प्रकरण घेऊन बसलो आहे, त्याबद्दल तू शिव्या घालशीलच. पण हे तुझ्याखेरीज कोणाला लिहिण्याजोगे नाही. प्रकृती ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे.

आपली मानशी सांभाळणारे आबा पावसाळा सरला की मुलीकडे बेळगावला राहायला जाणार, हे आता नक्की झाले. तेव्हा मानशीविषयी, म्हणजे नदीचे खारे पाणी शेतात शिरू न देणाऱ्या बांधातल्या दरवाजांविषयी, त्यांना जे ठाऊक आहे ते मी वहीत उतरवून घ्यावे, असे कुळांच्या संघाने ठरवले. आबांचे पहिले उत्तर तू न सांगता ओळखशील: "तातूंत सांगपासारकें कितें आसा? हाताक कळटा." भरतीची वेळ कशी ओळखता असे विचारले की ते आभाळाकडे पाहत आणि पाणी आपणच कळवते म्हणत. शेवटी मी एक लबाडी केली. वहीत मुद्दाम 'अष्टमीला भर दुपारी बाराला पूर्ण भरती' असे चुकीचे लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. आबा जे उसळले! तिथीला पाऊणने गुणावे, येतात तितके वाजता भरती. म्हणजे अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. आणि झुआरी नदीच्या मुखापासून आपल्या काठापर्यंत पाणी चढायला लागतो तो वेळ त्यात मिळवावा. यात हाताला कळण्यासारखे काय होते, सांग पाहू. निव्वळ पाढा होता. आजवर कोणी तो चुकीचा म्हणून दाखवला नव्हता, एवढेच.

मग मला नादच लागला. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दरवाजे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, हे आपण शाळेत असल्यापासून पाहत आलो. पण मिटताना फळ्यांच्या सांध्यात फांदी अडकली तर खारे पाणी रात्रभर आत येत राहते, म्हणून आबा भरतीच्या पहिल्या तासातच येऊन उंबऱ्यावरून पाय फिरवतात, हे आपल्याला कुठे माहीत होते? कोरगूट भात पेरण्याआधी ते मळ्यातले पाणी जिभेवर धरतात आणि थुंकतात. थुंकल्यावर ओठ खारट राहिले तर अजून पाऊस पडून मीठ धुपायला हवे. हेही 'जरा खारट असले तरी चालते' असे मी लिहिल्यावरच बाहेर पडले.

तू यावर विजयाने हसत असशील. मात्सुशिता या जपानी कंपनीच्या इकुको तानाका ओसाकातल्या हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारी करायला गेल्या, पीठ ओढतानाच तो त्याला पीळ देतो हे त्यांनी टिपले आणि त्यातून १९८७ साली घरगुती पाव भाजण्याचे यंत्र निघाले, ही गोष्ट तू पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दारात उभा राहून किती वेळा ऐकवलीस! सगळे शब्दांत मांडता येते, हा तुझा हट्ट; आणि पोहण्याचे पुस्तक वाचून देवळाच्या तळीत उडी घेतलीस तेव्हा दादांनी शेंडी धरून वर काढले, हे माझे उत्तर. ते उत्तर मी अजून सोडलेले नाही. खेकड्याच्या बिळातून बांध पाझरू लागला की आबांना रात्री चालताना ऐकू येते. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि मला बेडकांखेरीज काहीही ऐकू आले नाही.

पण खरी काळजी दुसरीच आहे. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, ज्याला मिळते त्याला खारे पाणी आत हवे असते, आणि कुळांना ते बाहेर हवे असते. कोणत्या दिवसांत फळी किती उचलली म्हणजे मासळीही येते आणि भाताच्या मुळांना खार लागत नाही, हे आबा जाणतात. कोणत्या भरतीला दरवाजा अडवून ठेवला तर सकाळी कोणाच्या लक्षात येणार नाही, हेही ते जाणतात, आणि माझ्या एका चुकीच्या वाक्यावर चिडून त्यांनी तेही सांगून टाकले. मी ते भाबडेपणाने लिहून घेतले. वही संघाच्या कपाटात राहणार आणि पावणी घेणाराही संघाचाच सभासद आहे. आजवर हे न लिहिलेले होते म्हणूनच गावात आबांना मान होता आणि शेताला राखण होती. ते पान फाडावे, तर उद्या कोणी दरवाजा अडवला तर शोधायचे कसे, हे नव्या माणसाला कळणार नाही; ठेवावे, तर अडवायचे कसे ते मीच शिकवल्यासारखे होईल. आबांना विचारले तर म्हणाले, "बरयलां तूंवें, तूंच पळय." म्हणजे लिहिलेस तू, तूच बघ. तुझ्या वडिलांनी बांधावर त्या पावणीवाल्या माणसाशी जो झगडा केला तो तुला ठाऊक आहे, म्हणून तुला विचारतो.

वहिनींची बढती झाल्याचे कळले, अभिनंदन सांग. चिरंजीवांच्या प्रवेशाचे काय झाले? नाशिकचा पत्ता बदलला असल्यास कळव. संघाची बैठक नागपंचमीनंतर आहे, त्याआधी त्या पानाविषयी तुझे मत मला हवे, मग ते माझ्या विरुद्ध का असेना.

तुझा,
बाबू