माझगावच्या पाणबुडीचं काम पुन्हा थंड पडू देऊ नका

थळ, ता. अलिबाग
२० जानेवारी २०२५

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस

सविनय नमस्कार.

१५ जानेवारीला ‘वाघशीर’ पाणबुडी नौदलात दाखल झाली आणि मुंबईच्या माझगाव डॉक या सरकारी जहाजबांधणी कारखान्याने कलवरी वर्गातल्या सहाही पाणबुड्या पूर्ण केल्या. मनापासून अभिनंदन. यातली ‘खांदेरी’ २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत आपल्याच हस्ते दाखल झाली होती. ज्या किल्ल्याचं नाव तिला दिलंय तो आमच्या थळच्या किनाऱ्यावरून रोज दिसतो. १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांचा मारा सोसत मावळ्यांनी तो बांधला. त्यामुळे त्या दिवशी घरचंच कार्य असल्यासारखं वाटलं होतं.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्प निदेशक आहे. आनंदाच्या दिवसांत हे पत्र लिहितोय, कारण वाघशीर गेल्यावर माझगावच्या हाती नव्या पाणबुडीचा एकही करार उरलेला नाही. आणि हे आपल्याकडे एकदा घडून गेलंय.

भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शाल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ला नौदलात आली. तीही माझगावचीच, जर्मन बनावटीची. १९९४ मध्ये ‘शंकुल’ आली. त्याआधीच, १९८७ मध्ये, त्या जर्मन व्यवहारावर लाचेचे आरोप झाले होते आणि पुढच्या पाणबुड्या झाल्याच नाहीत. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती, पण शिक्षा कामाला झाली. नंतर फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पीनचा, म्हणजे आताच्या कलवरी वर्गाचा, करार झाला तो ऑक्टोबर २००५ मध्ये. पहिली ‘कलवरी’ २०१२ साली यायची होती, ती डिसेंबर २०१७ मध्ये आली. उशिराची कारणं अनेक असतील. पण अकरा वर्षं थंड पडलेलं काम नव्याने शिकायला वेळ लागतो, हे वेल्डिंग शिकवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

तीनशे मीटर खोलीवर पाणबुडीच्या कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे तीस किलोचा भार असतो. ते कवच उच्च ताकदीच्या पोलादाचं. प्लेट आधी तापवावी लागते, इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगची कांडी, ओव्हनमध्ये सुकवलेला लागतो. जरा ओल राहिली की तिच्यातला हायड्रोजन धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, काही तासांनी, कधी दोन दिवसांनी आतल्या आत तडा जातो. वरून जोड आरशासारखा दिसतो! म्हणून थांबून मग अल्ट्रासोनिक तपासणी करायची, दोष निघाला तर खोदून काढायचं आणि पुन्हा भरायचं. माझा मुलगा, म्हणजे विद्यार्थी, वर्षभरात साधी प्लेट नीट जोडायला शिकतो. तिथून या कामापर्यंत पोचायला त्याला जाणत्याच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं काढावी लागतात. तो जाणता निवृत्त झाला किंवा दुसऱ्या कामाला लागला, तर शेजारी उभं राहायला कुणी उरत नाही.

हे कौशल्य लगेच लागणार आहे. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. कलवरीत अशा ३६० बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी साडेसातशे किलोची. त्या उतरल्या की डिझेल इंजिनाला हवा देण्यासाठी नळी पाण्याबाहेर काढावी लागते आणि तेव्हा ती शत्रूला सहज सापडू शकते. बाहेरच्या हवेविना वीज देणारी एआयपी यंत्रणा हा यावरचा उपाय. आपल्या अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने ती विकसित केली, मार्च २०२१ मध्ये जमिनीवर सिद्धही केली. गेल्या ३० डिसेंबरला आपल्या मंत्रालयाने त्यासाठी माझगावशी सुमारे १,९९० कोटींचा करार केला, त्याबद्दल आभार. पण वाघशीरसुद्धा एआयपीविनाच समुद्रात गेली आहे. आता तयार पाणबुडी मधोमध कापून तिच्यात नवा भाग जोडायचा आहे. नवी बांधण्यापेक्षा हे नाजूक काम. ते कुणाच्या हातून करून घ्यायचं?

पाकिस्तानच्या अगोस्टा-९०बी पाणबुड्यांत एआयपी केव्हाची आहे, आणि चीनच्या मदतीने त्यांना आठ हंगोर पाणबुड्या मिळणार आहेत. पहिलीचं जलावतरण एप्रिल २०२४ मध्ये झालं. आपली ‘शिशुमार’ मात्र १९८६ची, अजून सेवेत आहे. चाळिशीला टेकलेल्या बोटीत आपली मुलं खोल पाण्यात उतरतात.

साहेब, आणखी तीन स्कॉर्पीनना जुलै २०२३ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली, तरी करार नाही. ‘पी-७५ आय’ या एआयपीवाल्या नव्या पाणबुड्यांच्या योजनेतल्या सहा बोटींसाठी जुलै २०२१ मध्ये प्रस्ताव मागवले, त्याचाही करार नाही. सहाचं ठरायला वेळ लागत असेल तर निदान तीनचा करार आधी करा; आराखडा ओळखीचा आहे, माणसं जागेवर आहेत. करार होईपर्यंत कवचाचे प्रमाणित वेल्डर दुसरीकडे वळवू नका, त्यांच्या हाताखाली कोकणातल्या आयटीआयची निवडक मुलं द्या. आणि दोन्ही करारांची अपेक्षित तारीख संसदेत सांगा.

माझ्या वर्गातल्या मुलांची परीक्षा उन्हाळ्यानंतर आहे. त्याआधी तीन बोटींवर सही झाली, तर ती बातमी मी वर्गात वाचून दाखवीन आणि ज्यांचा हात स्थिर आहे त्यांना माझगावच्या अप्रेंटिस भरतीचे फॉर्म भरायला बसवीन.

आपला,
वेल्डर ट्रेडचा एक शिल्प निदेशक