आईच्या काळजीचं आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, आधी तुझं. अमेरिकेतलं माजी सैनिकांचं हॉस्पिटल म्हणजे बंदूकवाले पेशंट, असं मनात धरून बसू नकोस. आवारात बंदूक आणायला कायद्यानेच बंदी आहे आणि हॉस्पिटलचे स्वतःचे पोलीस आहेत. मी सुखरूप आहे. जेवणही वेळेवर होतं.

बंदुका असतात त्या त्यांच्या घरी, आणि त्यांची चौकशी करणं आमच्या कामातच येतं. तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून नीट सांगते. झोप, भूक, दारू विचारतो तसंच इथे विचारायचं: घरात बंदूक आहे का, भरलेली असते का, कुठे ठेवता? जीव द्यावासा वाटण्याची तीव्र वेळ बहुधा थोडीच असते, पण तेवढ्यात बंदूक हाताशी असली आणि ती स्वतःवर चालवली तर माणूस क्वचितच वाचतो. म्हणून केबलचं कुलूप फुकट देतात. आधी बंदूक रिकामी करायची, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, मग केबल आतून ओवून कुलूप लावायचं. ती अडकली की गोळी भरता येत नाही. गोळ्या वेगळ्या कपाटात, किल्ली दुसऱ्या कोणाकडे. रात्री-अपरात्री मदत लागली तर फोनवर ९८८ ही हेल्पलाइन लावून माजी सैनिकांसाठी १ दाबायचा.

बिघडतं ते विचारण्यात. फॉर्म भरल्यासारखं विचारलं की माणूस सरळ ‘नाही’ म्हणतो. हो म्हटलं तर सरकार बंदूक नेईल, ही त्याची भीती. म्हणून आधी सांगायचं, की नुसत्या उत्तरावरून कोणी बंदूक नेत नाही. पण जिवाला तातडीचा धोका दिसला तर गोष्ट आपल्या दोघांत राहणार नाही, हेही त्याच दमात सांगायचं. ते लपवून त्याला बोलतं करणं मला फसवणूक वाटते.

बाबा, तुम्ही म्हणालात, पेशंटच्या नोंदीत चार ओळी वाढवून लिहिल्या आणि जवानाला पैसे मिळाले तर बिघडलं कुठे? अपंगत्व इथे ० ते १०० टक्के, दहा-दहाच्या टप्प्यांनी ठरतं आणि त्यावर दरमहा भरपाई मिळते. टक्के ठरवणारा विभाग वेगळा, पण आमच्या नोंदी पुरावा म्हणून तिथे जातात. ‘बरं वाटतंय’ म्हटलं तर टक्के घटतील असं वाटलं, की पेशंट तेच बोलायचं टाळतो. मग डॉक्टर नको तेवढं औषध वाढवतो. म्हणून भरपाईची तपासणी शक्यतो उपचार न करणाऱ्या डॉक्टरने करावी. कमी लिहिणंही तितकंच वाईट: एक दिवस हसून बोलला म्हणून ‘सुधारणा’ लिहायची नाही.

खोट्या नोंदींनी काय होतं ते २०१४ साली फिनिक्स शहरातल्या अशाच माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात दिसलं. १४ दिवसांत अपॉइंटमेंटचं उद्दिष्ट, त्याला अधिकाऱ्यांचा बोनस जोडलेला. मग कागदावर उद्दिष्ट गाठलेलं दिसावं म्हणून खरी प्रतीक्षायादी बाजूला ठेवली गेली. आजारी माणसं ताटकळत राहिली, काही त्या काळात गेली. माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिनसेकी यांना पद सोडावं लागलं.

पैसे पाठवलेत. हॉलचा ॲडव्हान्स त्यातूनच द्या, बाबांनी एफडी मोडू नये. दादाच्या साखरपुड्याला मी नसेन. ड्युटी बदलून मिळाली नाही. लग्नाला नक्की येते. माझ्यासाठी आलेल्या स्थळाशी रविवारी बोलेन, कबूल, पण लगेच होकार धरू नका.

आणि आई, इथे रोज परक्या आजोबांना झोप लागते का विचारते, तुला विचारायचं राहून जातं. गुडघ्याचे रिपोर्ट तू स्वतः पाठव, दादाकडून ‘सगळं ठीक आहे’ असा निरोप नको.

तुमची,
छोटी