भिंतीवरच्या त्या फोटोबद्दल

टूसॉन, ॲरिझोना
२८ जुलै

प्रिय अव्या,

तुमच्या हॉलचा फोटो मिळाला. मी टिपलेला ट्रोगन पक्षी तू मोठा करून, फ्रेम करून लावलास. बघून आधी फार बरं वाटलं, आणि मग रात्री झोप येईना. त्या फोटोचं एक तुला सांगायचं राहून गेलं होतं. आज सांगतोच.

आधी जागा समजून घे. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. इथलं सोनोरन वाळवंट तसं नाही. दोन-तीन मजली उंचीचे सग्वारो निवडुंग, काटेरी झुडपं, आणि त्यातून एकेकटे वर आलेले पर्वत. त्यांना इथे 'स्काय आयलंड' म्हणतात, कारण खालचं वाळवंट ओलांडणं जंगलातल्या जिवांना समुद्र ओलांडण्याइतकं अवघड. सांता रिटा त्यातलाच एक. त्याचं माउंट राइटसन शिखर २,८८१ मीटरचं, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोनपट. त्याच्या उतारावर मडेरा कॅन्यन ही दरी. खाली पारा ४१ वर असताना वर झऱ्याकाठी सावलीत तास न् तास बसता येतं. पाण्यालगत सायकमोरची झाडं आहेत, पांढऱ्याफटक खोडांची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आपला कांडोळच आठवला.

पहाटे चारला निघायचं, कारण आठनंतर खालच्या पट्ट्यात काही हाती लागत नाही. जमीन तापली की हवा थरथरते, आणि लांबचा पक्षी कितीही चांगल्या लेन्सने टिपला तरी पाण्यात बुडाल्यासारखा येतो. दरीत मात्र उलटी अडचण. ऊन उशिरा उतरतं, उजेड कमी, कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० च्या खाली नेता येत नाही.

हमिंगबर्डवर तर मी तुला वेगळं पत्र लिहीन. (आपल्याकडे लोक शिंजीरालाच हमिंगबर्ड म्हणतात. खरे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत.) इथला रिव्होलीज हमिंगबर्ड बसलेला असतो तेव्हा अगदी काळा दिसतो. मग तो मान एवढीशी वळवतो आणि कपाळ जांभळं, गळा हिरवा पेटून उठतो. तो रंग पिसांच्या रचनेतून येतो, ठरावीक कोनातूनच दिसतो. अर्ध्या सेकंदात परत काळा. बोट बटणावर ठेवून त्या एका वळणाची वाट बघत बसायचं.

आता तो फोटो. गेल्या वर्षी जूनमध्ये मी तीन रविवार एलिगंट ट्रोगनमागे होतो. मेक्सिकोतून उन्हाळ्यात येणारा पक्षी, लाल पोट, हिरवी पाठ, छातीवर पांढरा पट्टा. सायकमोरच्या खोडातल्या, सुतारपक्ष्यांनी कोरून सोडलेल्या ढोलीत घरटं करतो. त्याचा घोगरा आवाज दरीत घुमायचा, पण तो दिसायचा नाही. चौथ्या रविवारी मी मोबाइलवर त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. मिनिटभरात तो समोरच्या फांदीवर. दुसरा नर हद्दीत घुसला असं त्याला वाटलं. मान ताणून इकडे बघ, तिकडे बघ, या फांदीवरून त्या फांदीवर. मी दहा मिनिटं फोटो काढत राहिलो.

घरी येऊन स्क्रीनवर मोठा करून बघितला तेव्हा चोचीत हिरवी अळी दिसली. तू फ्रेमजवळ जाऊन बघ, तुलाही दिसेल. पिल्लांसाठी नेत होता रे तो. माझ्या पहिल्या फोटोत ती अळी आहे आणि दहा मिनिटांनंतरच्या शेवटच्या फोटोतही आहे. तेवढा वेळ ती ढोलीत पोचली नाही. चिरिकावा पर्वतातल्या साउथ फोर्कमध्ये असं रेकॉर्डिंग लावायला बंदी आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. इथे कोणी अडवलं नाही, म्हणून मी लावलं.

सिंहगडच्या दरीत स्वर्गीय नर्तकासाठी आपण बसायचो, तेव्हा तू मला शीळसुद्धा घालू द्यायचा नाहीस. 'बस गप, त्याला यायचं असेल तर येईल,' म्हणायचास. तेच मी विसरलो, याचं वाईट जास्त वाटतं.

यंदा मोबाइल गाडीत ठेवून जातो. जुलैच्या सुरुवातीला पाऊस आला. इथेही त्याला मान्सूनच म्हणतात. दुपारी ढग चढतात, गडगडाट होतो, आणि क्रिओसोटच्या झुडपांचा वास सुटतो. मातीच्या वासाहून तिखट आहे, पण छाती तशीच भरून येते. पाऊस पडला की किडे वाढतात, पक्ष्यांची लगबग वाढते. कोरडे ओढे मात्र वर पडलेल्या पावसाने क्षणात भरतात, म्हणून बारापर्यंत मी खाली उतरतो.

परवा एका सायकमोरपासून चांगलं लांब, दगडाला टेकून बसलो होतो. पावणेदोन तास. मग मादी आली, राखाडी-तपकिरी, डोळ्यामागे पांढरा ठिपका. चोचीत नाकतोडा. थोडा वेळ फांदीवर ताठ बसली, ढोलीत डोकं घातलं, रिकाम्या चोचीने बाहेर आली आणि गेली. एवढंच. मी चार फोटो काढले. तीन हलले आहेत, चौथ्यात तिच्या डोक्यावर पानाची सावली आहे.

तो चौथा सोबत पाठवतोय. मोठा करण्यासारखा नाही, पोस्टकार्डाएवढा निघेल. जुना काढ म्हणत नाही, भिंत तुझी आहे. पण हा त्याच्या शेजारी लावलास तर मला बरं वाटेल.

ऑगस्ट संपायच्या आत आलास तर तिथेच बसू. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या